एकवीस तासांची छाया

जुळणीचा आकडा घसरायला हवा होता, आणि तो वाढत होता.

उत्तरा बेहेरेने खुर्ची पुढे ओढून तक्ता पुन्हा वाचला. पहिल्या महिन्यात अठ्ठ्याऐंशी टक्के, सहाव्या महिन्यात त्र्याण्णव आणि आता, अठराव्या महिन्यात, अठ्ठ्याण्णव पूर्णांक नऊ. तक्त्याखाली मुख्य अभियंता वाघचौरेसाहेबांनी हिरव्या अक्षरांत शेरा मारला होता : 'अभिनंदन!'

दीड वर्षापूर्वी कर्णखेड शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने तिला बोलावलं, तेव्हा तिथे प्रकरण हातघाईवर आलं होतं. शहरातले सगळे व्हॉल्व्ह संगणकावरून उघडायचे आणि बंद करायचे, अशी यंत्रणा मंडळाने दोनदा बसवली आणि दोनदा ती गुंडाळावी लागली. पहिल्या वेळी व्हॉल्व्हमन संपावर गेले. दुसऱ्या वेळी संप झाला नाही. फक्त वायरी आपोआप कुरतडल्या जाऊ लागल्या, आणि उंदीर मात्र कुठेच सापडले नाहीत.

अशा जागी जाऊन काम करणं हा उत्तराचा व्यवसायच होता. एखादी संस्था बदलायची तर आधी तिथल्या माणसांबरोबर चार पावलं चालायचं, त्यांना कशाची भीती वाटते, कशाचा अभिमान वाटतो हे पाहायचं. मग बदलाचा छोटा नमुना त्यांच्या हातात द्यायचा आणि तो कुठे टोचतो ते बघून ती जागा कापून काढायची. शिंपी कच्ची शिवण अंगावर घालून बघतो तसं. तिच्या क्षेत्रात याला मानवकेंद्री रचना म्हणत. अडचण एवढीच होती, की मंडळात तीनशे बारा माणसं होती आणि प्रत्येक नमुना प्रत्येकाच्या अंगावर घालून बघायला दहा वर्षं लागली असती.

म्हणून तिने छाया वापरायच्या ठरवल्या.

हे यंत्र तिचं नव्हतं, तीन-चार वर्षांपासून ते बाजारात होतं. माणसं साधारणपणे कशी बोलतात, कशी रागावतात, कशी वेळ मारून नेतात, हे लाखो संभाषणांतून शिकलेला एक प्रचंड गणिती सांगाडा त्यात तयारच असे. त्याला एका विशिष्ट माणसाकडे वळवायला एकवीस तास पुरत. सात दिवस, रोज तीन तास त्या माणसाशी बोलायचं. मनगटावरची पट्टी नाडी मोजत राही, समोरचा कॅमेरा भुवया आणि ओठ टिपत राही. माणूस काय बोलला, बोलताना कुठे थांबला, कुठल्या नावाला नाडी चढली, या सगळ्यातून तो सांगाडा हळूहळू त्या एका माणसाच्या वळणावर जाई. आठव्या दिवशी त्याला काही विचारलं की तो त्या माणसाच्या आवाजात, त्या माणसासारखंच उत्तर देई. ही त्या माणसाची छाया. छायेचं उत्तर आणि खऱ्या माणसाचं उत्तर किती मिळतं ते मोजलं की झाली जुळणी.

त्यानंतर काम भराभर झालं. कुठलाही नवा नियम आधी तीनशे बारा छायांपुढे ठेवायचा. कोण चिडेल, कोण घाबरेल, कोण तोंडावर हो म्हणून मागून वायर तोडेल, हे तासाभरात कळे. मग नियमालाच प्रत्येकाच्या अंगाप्रमाणे दुमडायचं. ज्या व्हॉल्व्हमनला हाताने चावी फिरवल्याशिवाय चैन पडत नसे, त्याला रोज फिरवायला एक चावी ठेवली होती. ज्याला साहेबाने नावाने हाक मारलेली आवडे, त्याचं नाव सकाळी साहेबांच्या पडद्यावर येई. पंपचालकांना सगळ्यात मोठा जाच फोनचा होता. पाणी आलं नाही की लोक आईबहिणीवरून शिव्या देत. तेव्हा मंडळाने सगळ्यांना नवे फोन दिले, आणि जो फोन माणसाला सोसणार नाही तो त्याच्या छायेने उचलायचा, अशी सोय केली. तिला 'राखण' म्हणत. पंपचालकांनी त्या दिवशी मंडळात पेढे वाटले होते.

दुसऱ्यांची छाया करण्याआधी उत्तराने स्वतःची करून घेतली होती. रत्नागिरीहून, नवऱ्याच्या घरातून निघून तिला तेव्हा तीन आठवडे झाले होते. ती एकवीस तासांत कामाबद्दल बोलली आणि नवऱ्याबद्दल, सलीलबद्दलही बोलली. बोलताना तिचा गळा दाटून आला होता, ते रागाने.

तर, आकडा. एकवीस तासांतली छाया त्या आठवड्यातच थांबलेली असते. माणूस पुढे जातो. त्याची मुलगी नापास होते, गुडघा दुखायला लागतो, मित्र होतो, मित्र तुटतो. वर्षभरात जुळणी दहाबारा टक्क्यांनी उतरते, असं यंत्राच्या माहितीपुस्तकातच लिहिलं होतं. कर्णखेडमध्ये ती चढत होती. छाया तर बदलत नव्हत्या, मग माणसंच छायांच्या जवळ सरकत होती का?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एक साधी परीक्षा घेतली. बाबूराव खिलारे हे सगळ्यात जुने व्हॉल्व्हमन. त्यांच्या छायेला तिने एक प्रश्न विचारला आणि उत्तर कागदावर छापून घेतलं. मग कागद हातात घेऊन ती उपाहारगृहात खिलाऱ्यांच्या समोर जाऊन बसली.

"खिलारेमामा, तुमच्या झोनमध्ये एखादी बाई व्हॉल्व्हमन दिली तर?"

खिलाऱ्यांनी बशीतला चहा संपवला. "बाई असो का बुवा असो," ते म्हणाले, आणि खोकले. "चावीला काय कळतंय हात कोणाचा आहे? पण ताई, रेल्वे फाटकाजवळचा व्हॉल्व्ह लई कडक आहे. तिथं मी स्वतः जाईन."

कागदावर हेच होतं. 'बुवा'पाशी कंस करून 'खोकला' असंही होतं.

उत्तराने मान वर केली. शेजारच्या टेबलावर कोणीतरी विनोद सांगत होतं. तो तिने मागच्या आठवड्यात ऐकला होता, त्याच्या मागच्याही आठवड्यात. ऐकणारे पाच जण त्याच जागी बसले होते आणि त्याच शब्दाला हसले. त्या हसण्यात कंटाळा नव्हता, आणि तिला भीती वाटली ती त्याचीच. ते विनोद पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे हसत होते.

"मामा, दीड वर्षात काही नवीन घडलं का हो तुमच्या आयुष्यात?"

खिलाऱ्यांनी खूप विचार केला. "नाही बा," ते समाधानाने म्हणाले. "काहीच त्रास नाही बघा."

*

गोदावरी घोलपांकडे जायचं उत्तरा टाळत आली होती.

गोदावरीबाई पंपचालक होत्या. नवऱ्यामागे त्या नोकरीला लागल्या, त्याला बारा वर्षं झाली. त्यांचा मुलगा तुषार एकोणीस वर्षांचा होता. डेंग्यूने आठ दिवसांत गेला. त्यानंतर अकराव्या दिवशी त्यांचे एकवीस तास सुरू व्हायचे होते. "पुढे ढकलू या का?" असं उत्तराने विचारलं होतं. "नको बाई," त्या म्हणाल्या होत्या, "घरी बसून काय करू?" मग त्या सात दिवस येऊन बसल्या. त्या फारसं बोलल्या नाहीत, पण यंत्राला मौनही चालतं.

त्यांच्यासाठी मंडळाने जे केलं त्याचं सगळ्यांना कौतुक होतं. कॉलेजरोडच्या पंपहाऊसवरून त्यांना नदीकाठी, एकट्या जागी हलवलं. तुषार संध्याकाळी पाचला घरी यायचा, म्हणून त्या वेळेला त्यांना एकही फोन जायचा नाही. सहकाऱ्यांच्या फोनवर सूचना येई : घोलपबाईंशी मुलाविषयी बोलू नये. वाघचौरेसाहेब भाषणात हे उदाहरण द्यायचे. यंत्रणेलाही हृदय असू शकतं, असं म्हणायचे.

उत्तरा दुपारी दोनला पोचली. पंप एका सुरात चालू होते. गोदावरीबाई दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी उठून दुसरं स्टूल दिलं.

"बरं आहे ना, गोदाताई?"

"आहे." त्यांनी पदराने चेहरा पुसला. डोळे सुजलेले होते, नुकतंच रडून झाल्यासारखे. "मागच्या मंगळवारी गेला. अजून खरं वाटत नाही."

उत्तराला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कधी?"

"मंगळवारी. पहाटे."

खिडकीत स्टीलचा तीन पुडांचा डबा होता. दवाखान्याच्या खाटेचा नंबर लिहिलेली चिकटपट्टी अजून त्याच्या कडीला होती.

"त्याला वरणभात नेला होता," गोदावरीबाई म्हणाल्या. "खाल्लाच नाही त्याने. तसाच परत आणला. धुवायचाय. उघडवत नाही बघा. एक-दोन दिवसांत धुते."

उत्तरा त्या डब्याकडे पाहत राहिली. दीड वर्ष. मग तिने विचारलं, "तुम्हाला एक मुलगीही आहे ना? सारिका?"

"मस्कतला असते. जावई तिकडे आहेत. फोन करत नाही हल्ली." हे त्यांनी तक्रारीने नव्हे, नुसतं सांगितलं. "तिलाही सोसत नसेल."

परतताना उत्तराने रिक्षा अर्ध्यात सोडली आणि ती चालत निघाली. तिला आता सगळं उलगडत होतं. माणूस बदलतो तो काही ठरवून बदलत नाही. कोणीतरी नको ते विचारतं. नको त्या वेळी फोन वाजतो. बस चुकते, शेजारीण आगाऊपणे घरात शिरते, साहेब नाव विसरतो. असल्या बारीक धक्क्यांनीच माणूस जागचा हलतो, दुःखातून बाहेरही तसाच पडतो. उत्तराने तीनशे बारा माणसांच्या अवतीभवतीची प्रत्येक टोचणारी जागा कापून काढली होती. आता त्यांना टोचत काहीच नव्हतं, आणि म्हणून ती ज्या आठवड्यात तिच्यासमोर येऊन बसली त्याच आठवड्यात अजून राहत होती. संस्था बदलली होती, पण त्यासाठी माणसं थांबवावी लागली होती.

*

"बंद करायचं?" वाघचौरेसाहेबांनी चष्मा काढला. ते तापट नव्हते, वाईटही नव्हते. "मॅडम, तक्रारी किती आल्या माहितीये? गेल्या वर्षभरात चार. पूर्वी दिवसाला चार यायच्या. पाणी वेळेवर आहे. माणसं खूश आहेत."

"साहेब, ती खूश नाहीत, ती थांबलीत."

"असं तुम्हाला वाटतं. त्यांना काय वाटतं?" त्यांनी हे टोमण्याने विचारलं नव्हतं. "तुम्हीच आम्हाला शिकवलंत, की माणसाला काय हवं ते वरच्यांनी ठरवायचं नाही. मग त्यांनाच सांगू द्या. छायांना नको, खऱ्या माणसांना विचारा. बहुमत बंद करा म्हणालं तर मी आजच्या आज करतो."

हे न्याय्य होतं. उत्तराने नऊ दिवस घालवले. एकेकाला भेटली, सगळं समजावून सांगितलं. माणसांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नको म्हटलं. आहे ते चांगलं आहे, ताई. कशाला हलवता? तीनशे बारांतले तीनशे नऊ जण नको म्हणाले, आणि उरलेले तिघे रजेवर होते. रोज संध्याकाळी ती त्यांची उत्तरं छायांच्या उत्तरांशी लावून पाही. सगळी मिळत होती.

गोदावरीबाई म्हणाल्या होत्या, "मला कोणी काही विचारू नये, एवढंच. तेवढं राहू द्या."

दहाव्या दिवशी सकाळी उत्तरा कार्यालयात लवकर आली. सगळ्या छाया पुसायचा अधिकार तिला नव्हता. एखाददुसरी सदोष निघाली तर ती काढून टाकायचा होता. तिने घोलप, गोदावरी या नावापुढे 'सदोष' असं लिहिलं. हे खोटं होतं. त्या बाईने स्पष्ट शब्दांत जे मागितलं होतं, त्याच्या बरोब्बर उलट आपण करतोय, हेही तिला कळत होतं. मग तिने छाया पुसली.

*

दुसऱ्या दिवशी गोदावरीबाई कार्यालयात तिच्या दारात उभ्या होत्या. पदर खांद्यावरून घसरलेला, पायात चपला वेगवेगळ्या. नदीकाठापासून त्या चालत आल्या होत्या.

"तुम्ही केलंत?"

"हो," उत्तरा म्हणाली. "बसा गोदाताई."

त्या बसल्या नाहीत. "काल पाचला फोन वाजला. त्या वेळेला कधी वाजत नाही. मी उचलला, तर सारिका. म्हणाली, आई, आज किती पटकन उचललास. मी म्हटलं, अगं किती दिवसांनी करतेस. तर ती म्हणाली," गोदावरीबाईंचा श्वास लागला, "ती म्हणाली, आई, असं काय करतेस, रोज तर बोलतो आपण. रोज पाचला बोलतो."

उत्तरा टेबलामागून उठून पुढे आली.

"मी म्हटलं, काय बोलतो? तर म्हणे तू रोज तेच बोलतेस. मी ठीक आहे, इकडे येऊ नकोस, नंतर बोलू. म्हणाली, मला वाटायचं तू माझ्यावर रागावलीस. मागनं कोणीतरी रडत होतं. लहान. मी विचारलं, कोण गं ते? कोणाचं बाळ?" गोदावरीबाईंनी दाराची चौकट धरली. "आठ महिन्यांची झालीये. मुलगी आहे. सारिकाने मला सांगितलं होतं म्हणे, दिवस राहिले तेव्हा, झाली तेव्हा. आणि मी म्हणाले होते, नंतर बोलू."

राखण. शिव्या देणाऱ्यांसाठी केलेली सोय. उत्तराने कधी विचारच केला नव्हता, की जो फोन सोसणार नाही तो कोणता हे अखेर छायाच ठरवत होती. आणि मुलगा जाऊन अकरा दिवस झालेल्या बाईच्या छायेला मुलीचा आवाज सोसणार नव्हता.

"गोदाताई, माझी चूक आहे. सगळी."

"थांबा. माझं ऐका." गोदावरीबाई आता रडत नव्हत्या. त्यांचा आवाज कोरडा होता आणि अनोळखी. "परवापर्यंत तो नुकताच गेला होता. मंगळवारी. मला अजून त्याच्या अंगाचा वास येत होता. काल सारिकाने सांगितलं, आई, दीड वर्ष झालं. दीड वर्ष! एका फोनमध्ये तो इतका लांब गेला. माझे मधले दिवस कुठे आहेत? मी रडले ते दिवस, नाही रडले ते दिवस? पोरीचं बाळंतपण? कोणाकडे आहेत ते?"

गोदावरीबाईंनी पदर खांद्यावर घेतला.

"मला रजा हवीये," त्या म्हणाल्या. "मस्कतला जायला काय कागद लागतात ते मला माहीत नाही. ते तुम्ही बघायचं. तेवढं तरी करा."

"करते."

"आणि माझ्यासाठी परत काही चांगलं करू नका."

त्या गेल्या. त्यांच्या दोन वेगळ्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत उत्तरा तशीच उभी होती. मग ती खुर्चीत बसली. तिच्याही टेबलावर मंडळाने दिलेलाच फोन होता. आपला जुना क्रमांक त्यात घालून पहिल्या महिन्यापासून तिने तो एकच वापरला होता.

राखणीची नोंदवही उघडायला तिला परवानगी होती. ती तिनेच मागून घेतलेली होती, पण स्वतःचं नाव तिने त्यात कधी शोधलं नव्हतं.

बेहेरे, उत्तरा. छायेने उचललेले फोन : शहात्तर. सगळे एकाच क्रमांकावरून आलेले, सगळे रविवारी, सकाळी दहाच्या आसपास.

सलील.

तिला आठवलं, की गेल्या दीड वर्षात त्याने एकदाही फोन केला नाही, हे आपण किती जणांना सांगितलं. सांगताना प्रत्येक वेळी गळा तसाच दाटून यायचा, तेवढाच. तो राग जराही शिळा झाला नव्हता. याचं आपल्याला कधीच नवल कसं वाटलं नाही?

तिने मधलाच एक रविवार निवडला. ध्वनिमुद्रण सुरू झालं.

"उत्तरा? मी बोलतोय." त्याचा आवाज खोल गेलेला होता. "अण्णा गेले. काल. झोपेतच."

मग एक थांबा. तो थांबा तिचा होता. बोलण्याआधी ती जीभ टाळूला लावते, तो बारीक आवाजसुद्धा त्यात होता.

"सलील," तिचा आवाज म्हणाला. "तू एकटा आहेस का आत्ता? कोणी आहे जवळ?"

ती पुढे ऐकत राहिली. पंचावन्न मिनिटं. अण्णा म्हणजे तिचे सासरे. लग्नानंतर तिला पहिल्यांदा समुद्रावर घेऊन गेले होते ते. ते गेल्याला दहा महिने झाले होते, आणि तिला हे आत्ता कळत होतं, तिच्याच तोंडून. तिच्या आवाजाने सलीलला रडू दिलं. अण्णांची एक आठवण सांगितली, जी तिने एकवीस तासांत कधीतरी सांगितली असणार. आणि शेवटी सलीलने विचारलं, "तू येशील का?" तेव्हा तोच आवाज म्हणाला, "अजून नाही रे. मला अजून थोडे दिवस दे."

तिने पुढचे रविवार उघडून पाहिले. प्रत्येकाच्या शेवटी तेच होतं. थोडे दिवस दे. आणि प्रत्येक वेळी तो म्हणत होता, "बरं. मी थांबतो."

यंत्राने खोटं काहीच केलं नव्हतं. त्या आठवड्यात सलीलने फोन केला असता तर ती हेच बोलली असती, अक्षरशः हेच. कोणी कधी कुणाचं इतकं नीट ऐकून घेतलं नसेल.

तिने आपल्या नावापुढे 'सदोष' लिहिलं आणि छाया पुसली. पुसताना तिला काही वाटलं नाही. मग तिने त्या क्रमांकावर फोन लावला.

बुधवार होता, दुपारचे साडेबारा. पाचव्या घंटीला त्याने उचलला.

"उत्तरा? काय झालं? आज कसा काय फोन?"

"सलील." तिला आपला आवाज घोगरा वाटला. "मला तुला काहीतरी सांगायचंय. मध्ये बोलू नकोस."

तिने सांगितलं. नीट सांगता आलं नाही. मागचं पुढे झालं, यंत्राचं सांगताना ती गोदावरीबाईंवर गेली, परत आली. त्याच्या मागे कुठेतरी पाण्याच्या टाकीत हवा सोडल्याचा बुडबुड आवाज येत होता. तो कामावर, मत्स्यशास्त्राच्या प्रयोगशाळेत असणार.

"म्हणजे एकदाही तू नव्हतीस," शेवटी तो म्हणाला.

"नाही."

"अण्णा गेले तेव्हा?"

"नाही. मला आज कळलं, सलील. दीड तासापूर्वी."

"त्या दिवशी मी," तो थांबला. "त्या दिवशी ती बोलली नसती तर माझं काय झालं असतं मला माहीत नाही." त्याने हवा बंद केली असावी, बुडबुडे थांबले. "आता कुठे आहे ती?"

"पुसली. तुला फोन करायच्या आधी."

त्याने एक लांब श्वास घेतला. तो श्वास तिच्या ओळखीचा होता, आणि तो तिच्यासाठी नव्हता, हेही तिला कळलं.

"मला एकदा विचारायचं होतंस," तो म्हणाला.

दीड वर्षात पहिल्यांदाच तिच्यापाशी तयार वाक्य नव्हतं.

"सलील, मी येऊ?" तिने विचारलं. "तू नको म्हणालास तरी चालेल."

"घर तेच आहे," तो सावकाश म्हणाला. "ये. आल्यावर दार वाजव. पण परत फोन करू नकोस, उत्तरा. फोनवर आता मला कळणार नाही."

त्याने फोन ठेवला. उत्तराने आपला फोन टेबलावरच राहू दिला, पर्स उचलली आणि रत्नागिरीची गाडी किती वाजता सुटते ते खाली चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला जाऊन विचारलं.